‘मालक आले नाहीत का?’ : जालन्यातील एका ट्रॅक्टर विक्रीकेंद्रातील प्रकरण

पार्श्वभूमी

२०२२ साली मी जालन्यातील एका ट्रॅक्टर विक्रीकेंद्रात विक्री व्यवस्थापक म्हणून काम करत होतो. केंद्राचे, कंपनीचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव मी येथे देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. एका शेतकरी महिलेला आमच्या दालनात कसे वागवले गेले, त्यातून आमचे काय नुकसान झाले आणि ते नुकसान जवळजवळ तीन महिने आम्हाला दिसलेच कसे नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यातल्या चुकीचा मोठा वाटा माझ्याकडे येतो, हे सुरुवातीलाच सांगतो.

आमच्याकडे येणारे बहुतेक गिऱ्हाईक कापूस, सोयाबीन, मोसंबी किंवा ऊस पिकवणारे. ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हा आमचा मुख्य माल. मिनी ट्रॅक्टर त्या मानाने कमी खपत, म्हणून ते मागच्या कोपऱ्यात उभे असत. आलेल्या माणसाची ऐपत ओळखण्याची आमची एक ठरलेली रीत होती. ती कुणी लिहून काढली नव्हती, पण प्रत्येक नवा मुलगा पंधरा दिवसांत ती शिकत असे : जमीन किती एकर, पाणी कशाचे, ऊस आहे का, घरी आधीचा ट्रॅक्टर कोणता, आणि माणूस कशातून उतरला.

या रीतीत न बसणारा पैसा जिल्ह्यात याच काळात तयार होत होता. तुती लावून रेशीम कोष काढणाऱ्या शेतकऱ्यांना पूर्वी माल विकायला कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ मध्ये जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि बीड, परभणीकडूनही माल इकडे येऊ लागला. चांगले संगोपन झाले तर शंभर अंडीपुंजांमागे (एक पुंज म्हणजे एका मादी पतंगाने घातलेली अंडी) साठ-सत्तर किलो कोष निघतात आणि एक बॅच महिनाभरात संपते. म्हणजे दोन एकर तुती असलेल्या घरात वर्षातून पाच वेळा पैसा येतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे त्याचे विवरणपत्र बहुधा भरलेले नसते, आणि दोन एकर हा आकडा आमच्या मोजपट्टीवर फार खाली होता. शिवाय पाला कापणे, अळ्यांना तो वेळेवर घालणे, संगोपनगृहाची स्वच्छता राखणे या कामांची जबाबदारी बऱ्याच घरांत बाईवर असते. आमच्या मोजपट्टीवर तर तिच्यासाठी खूणच नव्हती.

प्रसंग

घटस्थापना होऊन दोन-तीन दिवस झाले होते. दसरा ५ ऑक्टोबरला होता आणि मुहूर्तावर द्यायच्या गाड्यांची यादी फळ्यावर लिहिलेली होती. त्यात महिनाअखेर. विक्री प्रतिनिधींना प्रोत्साहन रक्कम महिन्यात दिलेल्या गाड्यांवर मिळते, त्यामुळे या आठवड्यात प्रत्येकाचे लक्ष हातातल्या नोंदी पुऱ्या करण्याकडे असते.

दुपारच्या सुमारास पंचेचाळीस वर्षांच्या आसपासची एक महिला सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसह आत आली. डोक्यावर पदर, विटलेली सहावारी साडी, पायात प्लास्टिकच्या चपला आणि हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. बोटे पांढरी पडलेली होती. संगोपनगृह निर्जंतुक करायला वापरतात त्या ब्लिचिंग पावडरचा तो परिणाम होता, हे मला फार नंतर कळले. त्या थेट मागच्या कोपऱ्यातील मिनी ट्रॅक्टरकडे गेल्या, पिशवीतून गाठ मारलेली सुतळी काढली आणि माय-लेकींनी ती मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांवर धरून पाहिली.

प्रतिनिधी तेथे गेला तो घाईत. पुढे जे बोलणे झाले ते दोन्ही बाजूंकडून मी ऐकले आहे आणि त्यात फारशी तफावत नाही.

“मावशी, हात लावू नका, रंग जातो. कुणासोबत आलात?”

“लेक आहे. याची रुंदी किती भरते?”

“मालक आले नाहीत का?”

त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी दरपत्रक मागितले, आणि या यंत्राचा परीक्षण अहवालही मागितला. त्यावर उत्तर मिळाले, “कोटेशन असं कुणालाबी देता येत नाही. मालकांना घेऊन या, मग बसून बोलू.” त्यांनी सुतळी गुंडाळून पिशवीत ठेवली आणि त्या निघाल्या. पाणी कुणी विचारले नाही.

त्याच वेळी पुढच्या सोफ्यावर पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ बसले होते. ते मोठ्या गाडीतून उतरले होते. दोन तास आमचे दोन प्रतिनिधी त्यांच्याभोवती होते आणि चहा दोनदा झाला. त्यांचा व्यवहार पुढे झाला नाही, कारण जुन्या कर्जाचे हप्ते थकलेले निघाले आणि वित्त कंपनीने फाइल परत केली. यावरून पांढऱ्या कपड्यांचा माणूस पोकळच असतो असा उलटा निष्कर्ष काढणे हीदेखील आमचीच चूक दुसऱ्या टोकाने करणे ठरेल. त्यांना दिलेला वेळ वाया गेला असे मी म्हणत नाही.

मी काचेच्या केबिनमध्ये होतो. त्या दोघींना बाहेर जाताना मी पाहिले. फवारणी पंपाच्या चौकशीला आल्या असाव्यात असे वाटले आणि मी मान खाली घालून काम सुरू ठेवले. त्या दिवशीच्या चौकशी नोंदवहीत ओळ आहे : ‘महिला, सोबत मुलगी. मिनी. नुसती चौकशी. कोल्ड.’ नाव नाही, गाव नाही, मोबाईल क्रमांक नाही.

चूक कशी कळली

डिसेंबरच्या शेवटी आमच्या वर्कशॉपमध्ये एक मिनी ट्रॅक्टर पन्नास तासांच्या पहिल्या सर्व्हिसिंगला आला. गाडी आमच्याच कंपनीची, गाव आमच्याच हद्दीतले, पण विक्री शेजारच्या जिल्ह्यातील विक्रेत्याची. असे झाले की आम्ही कारण विचारतो. जॉबकार्डावर मालक म्हणून महिलेचे नाव होते. मी वर्कशॉपच्या बाकाकडे गेलो, तेव्हा चहा देणारा मुलगा हळूच म्हणाला, “साहेब, त्या सुतळीवाल्या मावशी.”

मी ओळख सांगितली आणि तुम्ही आमच्याकडून का घेतला नाही असे विचारले. त्यांनी आवाज न चढवता सगळे सांगितले. पतीचे निधन होऊन सहा वर्षे झाली होती, वारसनोंद होऊन सातबारावर त्यांचे नाव होते. तुती पट्टा पद्धतीने, पाच बाय तीन बाय दोन फुटांवर लावलेली; दोन पट्ट्यांमधल्या पाच फुटांत चालेल असाच ट्रॅक्टर त्यांना हवा होता आणि सुतळीवरची गाठ त्या पाच फुटांची होती. महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदान योजनांच्या संकेतस्थळावरील सोडतीत त्यांची निवड झाली होती. निवड झाल्यावर दरपत्रक आणि यंत्राचा परीक्षण अहवाल संकेतस्थळावर चढवावा लागतो, मग पूर्वसंमती मिळते, आणि पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केली तर अनुदान हातचे जाते. त्या कामाला त्या आल्या होत्या. कोषांचे पैसे बँक खात्यात जमा होत. किमतीचा मोठा भाग मुदत ठेवीतून आणि उरलेला बँकेच्या कर्जातून देण्याचे त्यांनी आधीच ठरवले होते.

“मग तुम्ही तेव्हाच का सांगितलं नाही, ताई?” मी विचारले. आज तो प्रश्न मला बोचतो, कारण त्यात दोष पुन्हा त्यांच्याकडेच सरकवलेला होता.

“मला कोटेशन पाहिजे व्हतं,” त्या म्हणाल्या. “भांडण नव्हतं पाहिजे.”

शेजारच्या जिल्ह्यातील विक्रेत्याकडे त्यांचा एक नातेवाईक ओळखीचा होता. तेथून त्याच संध्याकाळी दरपत्रक आणि अहवाल मुलीच्या मोबाईलवर आला, आणि आठवड्याभरात त्या विक्रेत्याचा माणूस शेतात येऊन पट्ट्यांचे माप घेऊन गेला. त्यांच्या रेशीम गटातील आणखी दोघांनी मग तेथूनच मिनी ट्रॅक्टर घेतले. मी घरी जाताना हिशेब केला : तीन गाड्या, त्यांच्यासोबतचे तीन रोटाव्हेटर, आणि एक अख्खा गट.

नेमके काय चुकले

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे प्रतिनिधी उद्धट होता. ते पुरेसे नाही. हा मुलगा अरेरावी करणारा नव्हता आणि ‘मावशी’ हा शब्द त्याने तुच्छतेने वापरला नव्हता. मराठवाड्यात नवऱ्याला ‘मालक’ म्हणतात. त्यामुळे ‘मालक आले नाहीत का’ हा प्रश्न विचारणाऱ्याला तो विचारपूस वाटतो. पण त्याच दालनात, त्याच दिवशी, सातबारावर मालक म्हणून नाव असलेल्या व्यक्तीला तो विचारला गेला. एका शब्दात नवरा आणि धनी हे दोन्ही अर्थ इतके मिसळले आहेत की समोर मालक उभी आहे ही शक्यता बोलणाऱ्याच्या मनात येतच नाही.

दुसरे कारण अनुदानाच्या व्यवहारात होते. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्यांना, अल्पभूधारकांप्रमाणेच, साधारण ५० टक्क्यांपर्यंत आणि इतर शेतकऱ्यांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान असते; दोहोंना कमाल मर्यादा आहे. त्यामुळे पुष्कळ घरांत अर्ज पत्नीच्या किंवा आईच्या नावे होतो आणि दालनात पुरुष येतो. वर्षानुवर्षे हेच पाहून आमच्या लोकांच्या मनात बाईचे नाव म्हणजे कागदावरचे नाव असे पक्के बसले होते. कागदावरची बाई प्रत्यक्ष दालनात आली, तेव्हा तिला ओळखण्याची सवयच कुणाला उरली नव्हती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहिती खातेदारांपैकी सुमारे १४ टक्के महिला आहेत. सात खातेदारांत एक, हे प्रमाण डोळ्याआड व्हावे इतके लहान नाही.

तिसरे कारण माझे. चौकशीचा तक्ता मी तयार केला होता. त्यात पहिल्याच भेटीत गिऱ्हाईक हॉट, वॉर्म की कोल्ड हे लिहायचे असे आणि ‘निर्णय घेणारी व्यक्ती’ असा एक रकाना होता. निर्णय घेणारी व्यक्ती दुसरी कुणीतरी आहे हे गृहीत धरूनच तो रकाना निघाला होता. कोल्ड लिहिलेल्या माणसाला पुन्हा फोन जात नसे, तो परत येत नसे, आणि तो आला नाही म्हणजे आमची पारख बरोबर होती असे नोंदवही सांगे. झालेली विक्री दिसते. हुकलेली विक्री कुठेच दिसत नाही. हा ट्रॅक्टर आमच्या वर्कशॉपला जवळ पडला नसता, तर आजही ती ओळ आमच्याकडे बरोबर म्हणूनच राहिली असती.

या संदर्भात त्याच वर्षीची एक घटना आठवते. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातील तुमकूरला एका शेतकऱ्याला मालवाहू गाडीच्या दालनात विक्रेत्याने तुझ्या खिशात दहा रुपयेही नसतील अशा अर्थाचे बोल सुनावले, आणि तो तासाभरात दहा लाख रुपये घेऊन परतला. तो व्हिडिओ आमच्या दालनात प्रत्येकाच्या मोबाईलवर होता. सर्वांना तो शेतकरी आवडला होता. तरीही आठ महिन्यांनी आमच्याकडे हे घडले. मला वाटते, त्या गोष्टीने आम्ही चुकीच्या ठिकाणी सावध झालो : अपमान झालेला माणूस परत येऊन पैसे आपटतो, असे चित्र डोक्यात बसले. बहुतेक लोक परत येत नाहीत. आणि नोटा दाखवणे ही ऐपतीची खूण धरणेही व्यवहारात टिकत नाही, कारण १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २६९एसटीनुसार १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेताच येत नव्हती. आमच्याकडे आलेल्या महिलेच्या गंभीरपणाचे पुरावे निराळे होते : सुतळी, रुंदीचा प्रश्न आणि परीक्षण अहवालाची मागणी. मौजेखातर आलेला माणूस परीक्षण अहवाल मागत नाही. एवढी गोष्ट त्या मुलाला शिकवणे माझे काम होते.

विचारात घेतलेले पर्याय

विक्रीकेंद्राच्या मालकांना सर्व सांगितले तेव्हा त्यांचा पहिला विचार त्या प्रतिनिधीला काढून टाकण्याचा होता. मी विरोध केला. त्याला काढले असते तर तक्ता, प्रोत्साहन रक्कम आणि माझी केबिन यांपैकी काहीच बदलले नसते, आणि उरलेल्यांनी धडा घेतला असता तो एवढाच की पकडले जाऊ नये. त्याच्याशी बोलताना त्याने मला एक वाक्य सांगितले ते येथे नोंदवतो : “साहेब, माझ्या आईने कधी कशाची किंमत विचारलेली मी पाहिलीच नाही.” त्याचे वडीलही कोरडवाहू शेतकरी. आपल्या घरात जे पाहिले तेच त्याने दालनात पाहिले.

दुसरा विचार असा होता की महिला दिनाला त्या महिलेला बोलावून साडी-नारळ देऊन सत्कार करावा आणि फोटो छापावा. मला हे पटले नाही. आपल्या चुकीची भरपाई म्हणून त्यांना आपल्या जाहिरातीत उभे करणे हा दुसरा अपमान झाला असता. हा बेत रद्द झाला.

तिसरा पर्याय महिला विक्री प्रतिनिधी नेमण्याचा होता. तो आम्ही अर्धवट करून पाहिला. लेखा विभागातील एका सहकारी महिलेला आठवड्यातून तीन दिवस दालनात बसवले. त्या कामात हुशार होत्या, पण महिनाभरात पुरुष प्रतिनिधी येणाऱ्या प्रत्येक बाईला, सोबत कुणी असो नसो, त्यांच्या टेबलाकडे पाठवू लागले. ‘बायकांचं टेबल’ असे नाव पडले. ज्यांनी बदलायचे होते त्यांची त्यातून सुटका झाली. आम्ही ती व्यवस्था थांबवली. त्या सहकाऱ्यांना पूर्ण प्रतिनिधीचे पद आणि प्रोत्साहन देऊन ठेवले असते तर निराळे झाले असते, पण तेवढा निर्णय मालकांनी घेतला नाही आणि मी तो पुरेसा लावून धरला नाही.

प्रत्यक्षात केलेले बदल

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि तो प्रतिनिधी त्यांच्या गावी गेलो. बॅच शेवटच्या अवस्थेत होती. या दिवसांत अळ्या अधाशासारख्या खातात आणि पाला घालण्याची वेळ चुकवता येत नाही, म्हणून आम्हाला संगोपनगृहाबाहेर पाऊण तास थांबावे लागले. रोग आत जाऊ नये म्हणून दारात टाकलेल्या चुन्यावरून कुणी परका आत येऊ नये, असे मुलीने सांगितले. ताई बाहेर आल्यावर प्रतिनिधीने माफी मागितली. त्या म्हणाल्या, “बरं,” आणि मागच्या जोडणीतून तेल झिरपते ते कधी बघाल, असे विचारले. त्याने ते तेथेच पाहिले.

तक्ता बदलला. पहिल्या भेटीत वर्गवारी बंद केली. आलेल्या व्यक्तीचेच नाव आणि क्रमांक घ्यायचा, आणि तीन गोष्टी विचारायच्या : काम कोणते, पिकाच्या ओळींतील अंतर किती, आणि गाडी केव्हापर्यंत हवी. ‘निर्णय घेणारी व्यक्ती’ हा रकाना काढला. दरपत्रक मागणाऱ्या कुणालाही त्याच दिवशी द्यायचे आणि अनुदानाचा अर्ज असेल तर परीक्षण अहवालही सोबत द्यायचा, असे ठरले. मिनी ट्रॅक्टर पुढे आणला.

एक बदल फसला. प्रोत्साहन रकमेचा थोडा भाग मी दिलेल्या दरपत्रकांच्या संख्येला जोडला. दोन महिन्यांत दरपत्रकांचा ढीग झाला आणि त्यातले कित्येक क्रमांक लागतच नव्हते. शेवटी ती अट काढून मी स्वतः दर आठवड्याला दहा जणांना फोन करू लागलो : आमच्याकडे आल्यावर तुमच्याशी कोण बोलले, दरपत्रक मिळाले का, आणि गाडी दुसरीकडून घेतली असेल तर का. हे काम कंटाळवाणे आहे, पण हुकलेल्या विक्रीचा माग त्यातूनच मिळाला.

परिणाम

पुढच्या वर्षभरात स्वतः येऊन, स्वतः बोलून ट्रॅक्टर किंवा अवजार घेणाऱ्या महिला आमच्या नोंदीत दिसू लागल्या. त्या आधी येत नव्हत्या की आल्या तरी नोंदल्या जात नव्हत्या, हे जुन्या वहीवरून सांगता येत नाही. त्या प्रतिनिधीला मी काही महिने दालनातून काढून गावोगावच्या प्रात्यक्षिकांवर पाठवले. तुतीच्या पट्ट्यांत मिनी ट्रॅक्टर कसा वळतो हे आज जिल्ह्यात त्याच्याइतके थोड्यांना माहीत असेल. त्या गटातील एकाने पुढे आमच्याकडून रोटाव्हेटर घेतला. ताईंनी काही घेतले नाही. सर्व्हिसिंगला मात्र त्या आमच्याकडेच येत राहिल्या.

वेगळे काय करता आले असते

त्या दिवशी मी केबिनमधून उठलो असतो तर हे प्रकरण झालेच नसते, ही पहिली गोष्ट. दुसरी, मुहूर्ताच्या आठवड्यात नव्या चौकशांसाठी एक माणूस राखून ठेवायला हवा होता. अंतिम टप्प्यातल्या गाड्या आणि नवे गिऱ्हाईक एकाच माणसावर टाकले की तो नव्याला कपड्यांवरूनच तोलणार, कारण निराळे तोलायला त्याच्याकडे वेळच नसतो.

सत्काराबाबतही मला आता शंका येते. तो बेत रद्द करणे योग्य होते असेच मी मानतो, पण तो रद्द करतानाही त्यांना काय हवे आहे हे आम्ही त्यांना विचारले नव्हते. विचारले असते तर त्यांनी बहुधा गटासाठी एखादे प्रात्यक्षिक किंवा सुट्या भागांवर सवलत मागितली असती, आणि ते आम्हाला सहज देता आले असते.

एक गोष्ट आम्हाला बदलता आली नाही. कर्जाची पडताळणी करणाऱ्या वित्त कंपनीच्या अर्जात महिलेच्या नावाखाली पतीचे नाव आणि पतीचा मोबाईल क्रमांक हे रकाने तसेच होते, आणि पडताळणीचा फोन त्याच क्रमांकावर जाई. पती हयात नसेल तर मुलाचा किंवा दिराचा क्रमांक मागत. मी ते केंद्र सोडले तोपर्यंत आम्ही त्या रकान्यात अर्जदार महिलेचाच क्रमांक पुन्हा लिहीत होतो, आणि दर तिसरा-चौथा अर्ज ‘क्रमांक एकच आहे’ असा शेरा मारून परत येत होता.